जुन्या चित्रफितींतील आवाज



लग्नाच्या जुन्या व्हीएचएस फिती आपण हल्लीं संगणकांत उतरवूं लागलां आहां, हें चांगलें. परंतु त्यांतील बोलणें नीट ऐकूं येत नाहीं, अशी तक्रार घरोघरीं आहे. कारण असें कीं, आपल्याकडील पाल पद्धतींत ही फीत सेकंदास अवघी २.३४ सेंटिमीटर सरकते, म्हणजे गाण्यांच्या कॅसेटच्या निम्म्या वेगानें. आणि साध्या यंत्रावर घेतलेला आवाज तिच्या कडेच्या सुमारें १ मिलिमीटर पट्टींत दाटलेला असतो. म्हणून उतरविण्यापूर्वीं व्हीसीआरचें हेड स्वच्छ करून घ्यावें. हेडनें जें वाचलेंच नाहीं, तें संगणक कोठून आणणार?

अशी एक फीत मीं स्वतः दुरुस्त केली. प्रथम विजेची ५० हर्ट्‌झची गुणगुण काढली. मग कोणीही बोलत नाहीं अशा दोन सेकंदांचा नमुना घेऊन खरखर वजा केली. तेथें मला लोभ सुटला. आणखी वजा केली. तेव्हां त्या घरच्या दिवंगत मातोश्री पाण्याखालून बोलल्यासारख्या वाटूं लागल्या. मुलगा म्हणाला, “फादर, ही आमची आई नव्हे.”

सुदैवानें मूळ प्रत मीं निराळी ठेविली होती. दुसऱ्या खेपेस निम्मी खरखर राहूं दिली. आतां मागें भांडीं वाजतात, बँड वाजतो, आणि त्यांतून ती बाई पाहुण्यांना जेवायला हांक मारीत आहे.