विजेच्या शेगडीला तार कोणती जोडावी?

शेगडी विकत घेतांना गृहस्थ तिची किंमत विचारतो आणि गृहिणी तिची घडण पाहते. परंतु ती ज्या तारेवर चालावयाची, त्या भिंतींतील तारेची चौकशी सहसा कोणी करीत नाहीं. धोका मात्र बहुधा तेथेंच दडलेला असतो.

धाराशिव जिल्ह्यांत, ज्यास २०२३ पर्यंत उस्मानाबाद म्हणत, हा प्रश्न विशेष लक्षांत घेण्याजोगा आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर उमरगा व लोहारा भागांत पुष्कळ घरें नव्यानें उभीं राहिलीं. अशा घरांतील तारा त्या काळच्याच असतील आणि दिवे व पंखे यांपुरत्याच घातलेल्या असतील, तर आज त्यांच्यावर शेगडीचा भार टाकणें धोक्याचें होय.

तारेंतून वीज वाहूं लागली, कीं तार थोडीबहुत तापतेच. प्रवाह दुप्पट झाला, तर ही उष्णता दुप्पट नव्हे, चौपट होते. अरुंद पाटांत विहिरीचें सारें पाणी सोडलें, तर तें बांध फोडून बाहेर येतें व डोळ्यांना दिसतें. तार आंतल्या आंत तापते. म्हणून ती अधिक फसवी. तिच्यावरील नेहमीचें प्लास्टिकचें आवरण ७० अंश सेंटिग्रेडपर्यंत टिकेल असें बनविलेलें असतें. त्यापुढें तें मऊ पडतें आणि कालांतरानें ठिसूळ होऊन तडकतें.

हिशेब अगदीं सोपा आहे. शेगडीवर लिहिलेल्या वॅटच्या आंकड्यास २३० व्होल्टनें भागलें, कीं अँपिअर निघतात. २००० वॅटची शेगडी सुमारें ९ अँपिअर घेते. तिला ६ अँपिअरचा लहान प्लग चालावयाचा नाहीं. १६ अँपिअरचाच हवा, आणि त्यामागें निदान अडीच चौरस मिलिमीटर छेदाची तांब्याची तार हवी. चार चुलींची ७००० वॅटची शेगडी मात्र ३० अँपिअरहून अधिक मागते. तिला प्लग उपयोगी नाहीं. मीटरजवळील पेटीपासून निदान सहा चौरस मिलिमीटरची स्वतंत्र तार आणावी व तिला ३२ अँपिअरचा एम.सी.बी. खटका लावावा. अंतर लांब असेल, किंवा तार उन्हानें तापणाऱ्या पत्र्याखालून जात असेल, तर दहा चौरस मिलिमीटरची घ्यावी. कारण मे महिन्यांत जी तार आधींच तापलेली असते, तिला आणखी उष्णता सोसण्यास वाव कमी उरतो. ॲल्युमिनियमची तार तांब्याइतकी वीज वाहून नेत नाहीं, हेंही ध्यानांत ठेवावें.

खटका वारंवार पडतो म्हणून त्याच्या जागीं मोठा खटका बसविणें, ही कित्येक घरांतून आढळणारी चूक आहे. खटका तारेच्या रक्षणासाठीं असतो. तो मोठा केला आणि तार तीच ठेवली, म्हणजे चोराला सोडून पहारेकऱ्यालाच बांधून ठेवण्यासारखें झालें.

तिसरी, हिरवी तार जमिनीशीं जोडलेली असते. तिला अनावश्यक समजून तोडूं नये. स्वयंपाकघरांत हात ओले असतात व फरशीही ओली असते. शेगडीच्या धातूच्या भागांत वीज उतरली, तर जीव वांचविणारी हीच तार. तिच्या जोडीला ३० मिलिअँपिअरच्या गळतीलाच वीज तोडणारा आर.सी.सी.बी. खटका असावा.

मोठी शेगडी घेण्यापूर्वीं महावितरणच्या बिलावरील मंजूर भार पाहावा. तो अपुरा असल्यास वाढवून घ्यावा. काम परवानाधारक कारागिराकडूनच करवावें. जोडणी झाल्यावर अर्धा तास शेगडी चालवून ती बंद करावी व प्लगला कोरड्या हातानें स्पर्श करून पाहावा. किंचित् कोमट लागला तर चिंता नाहीं. हात ठेववत नसेल, किंवा जळका वास येत असेल, तर दुसऱ्या दिवसाचा स्वयंपाक जुन्या चुलीवर करावा आणि कारागिरास पुन्हां बोलवावें.