चौथा सिंह

(सायवन येथील माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



आज मला बोलायला उभे केले आहे ते आपल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमुळे. स्मरणिकेच्या मुखपृष्ठावर आणि सन्मानचिन्हांवर तीन सिंहांची राजमुद्रा छापावी, अशी सूचना कोणीतरी केली. धडाधड अंगठे पडले. मी एकटाच ‘नको’ म्हणालो. मग समितीने मला शिक्षा दिली, “तू नको म्हणालास ना, आता का नको ते सगळ्यांसमोर सांग.” शाळेतली सवय, शिक्षा मुकाट्याने भोगतो.

पहिले कारण सोपे आहे. राजमुद्रेच्या गैरवापराला बंदी घालणारा कायदा २००५ साली झाला. ही मुद्रा सरकारची आहे. आपल्यासारख्या मंडळाला ती लेटरपॅडवर, पुस्तकावर किंवा ढालीवर छापता येत नाही. छापली तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. स्नेहमेळाव्यानंतर समितीला भेटायला जेलमध्ये जायची माझी तयारी नाही. दुसरे कारण मात्र मनातले आहे. ते सांगण्याआधी आपल्या वर्गात जाऊ या.

आठवते का, सातवीत गुरुजींनी खिशातून रुपयाचे नाणे काढून विचारले होते, “यावर सिंह किती?” सगळे ओरडलो, “तीन!” गुरुजी म्हणाले, “खांबावर चार आहेत. चौथा कुठे गेला?” मागच्या बाकावरून उत्तर आले, “गुरुजी, शिकारीला गेला!” वर्ग हसला, गुरुजीही हसले. उत्तर देणारा आज इथेच बसला आहे, नाव सांगत नाही. मग आणखी एकाने विचारले, “गुरुजी, हे सिंह आहेत की वाघोबा?” त्याचे काय चुकले? सिंह पाहायचा तर गुजरातेत गीरला जावे लागते. आपल्याला माहीत होता तो पाड्याच्या वेशीवरचा वाघोबा. त्याच्याभोवती सूर्य आणि चंद्र कोरलेले, वाघबारसेला त्याची पूजा.

त्या वेळी गुरुजींनी काय सांगितले ते अर्धे डोक्यावरून गेले. पुढे मी स्वतः वाचत गेलो तेव्हा कळले.

हे सिंह उत्तर प्रदेशातल्या सारनाथचे. बुद्धांनी पहिला उपदेश केला त्या जागी सम्राट अशोकाने इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात स्तंभ उभारला. त्याचा सुमारे सात फूट उंचीचा शिरोभाग १९०४-०५ च्या उत्खननात एफ. ओ. ओर्टेल यांना सापडला. चुनारचा वालुकाश्म, एकाच दगडातून कोरलेला, आणि झिलई अशी की आजही चमकते. पाठीला पाठ लावून चार सिंह चार दिशांना पाहतात. समोरून पाहिले की चौथा दिसत नाही. सिंहांच्या पायाखालच्या गोल पट्टीवर हत्ती, घोडा, बैल आणि सिंह चालताना दाखवले आहेत आणि प्रत्येक दोघांच्या मध्ये एक चक्र आहे. त्याखाली उलटे कमळ आहे. २६ जानेवारी १९५० रोजी भारताने हे चिन्ह स्वीकारले तेव्हा कमळ वगळले. मुद्रेत मध्ये चक्र, आपल्या उजव्या हाताला बैल आणि डाव्या हाताला घोडा दिसतात. खाली मुंडक उपनिषदातले ‘सत्यमेव जयते’. ही अक्षरे मुद्रेचाच भाग आहेत. ती गाळून नुसते सिंह छापले तर मुद्रा अपुरी राहते.

राज्यघटनेच्या मूळ प्रतीची सजावट नंदलाल बोस यांच्या देखरेखीखाली झाली. त्यांचे विद्यार्थी दीनानाथ भार्गव यांच्याकडे हे सिंह रेखाटण्याचे काम होते. खरे सिंह पाहण्यासाठी ते कोलकात्याच्या प्राणिसंग्रहालयात जात असत.

आता एक गोष्ट नीट ऐका. मूळ स्तंभावर सिंह सर्वांत वर नव्हते. त्यांच्या डोक्यावर बत्तीस आऱ्यांचे मोठे दगडी धर्मचक्र होते. त्याचे तुकडे सारनाथलाच सापडले. म्हणजे सिंहांच्या पायाखाली चक्र आणि डोक्यावरही चक्र. सिंह म्हणजे सत्ता, ताकद. चक्र म्हणजे धर्म, आजच्या भाषेत न्याय आणि नियम. सिंहाने गर्जना जरूर करावी, पण चक्राचा भार डोक्यावर घेऊन. आपल्या वाघोबाचेही असेच नाही का? आपण त्याला नारळ देतो, कोंबडा देतो, आणि त्याने आपल्या गुरांना, माणसांना सांभाळावे असे त्याच्याशी ठरलेले असते.

तुम्ही म्हणाल, सारनाथ कुठे आणि सायवन कुठे! तर अशोक आपल्या जिल्ह्यातही आहे. डहाणू रोडहून विरार, आणि विरारच्या पुढचे स्टेशन नालासोपारा. हे जुने शूर्पारक बंदर. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी तिथला स्तूप उकरला. गावातले लोक त्या टेकाडाला ‘बुरूड राजाचा कोट’ म्हणत. त्याच साली त्यांना सोपाऱ्यात अशोकाच्या आठव्या आज्ञालेखाचा तुकडा मिळाला. पुढे १९५६ मध्ये जवळच्या भुईगावला नवव्या लेखाचाही तुकडा मिळाला. हे दगड आता मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहेत.

हा आठवा लेख इतर ठिकाणी पूर्ण मिळाला आहे, म्हणून त्याचा अर्थ आपल्याला कळतो. अशोक सांगतो की पूर्वीचे राजे मौजेसाठी, शिकारीसाठी यात्रेला निघत. मी ते सोडले आणि धर्मयात्रा सुरू केली. त्या यात्रेत काय करायचे? ब्राह्मण आणि श्रमणांना भेटायचे, दान द्यायचे. म्हाताऱ्या माणसांना भेटायचे, त्यांना मदत करायची. आणि खेड्यापाड्यांतल्या लोकांकडे जायचे, त्यांच्याशी बोलायचे. राजाने लोकांकडे जायचे, मित्रांनो. बावीसशे वर्षांपूर्वी हे आपल्या जिल्ह्यातल्या दगडावर कोरले गेले.

हे वाचले तेव्हा मला मान खाली घालावी लागली. का, ते सांगतो. हेच माझे दुसरे कारण.

आपल्या आज्या-आजोबांना शिक्क्याच्या कागदाची भीती होती. त्यांच्या काळच्या स्टॅम्पपेपरवर इंग्रज राजाचा मुखवटा असे. त्यावर अंगठा उठवला की माणूस सावकाराचा झाला, लग्नाच्या कर्जापायी लग्नगडी झाला. १९४५ साली वारली उठले, गोदूताई परुळेकर त्यांच्यासोबत उभ्या राहिल्या, तेव्हा ती वेठ मोडली. पाच वर्षांनी कागदावरचा राजा गेला आणि सिंह आले. भीती जायला हवी होती.

मी दहावी-बारावी करून एका सरकारी कार्यालयात कारकून झालो. माझ्या खुर्चीमागे भिंतीवर हीच मुद्रा होती. एका पावसाळ्यात पाड्यावरून एक बाबा दाखल्यासाठी आले. साहेबांची सही झाली होती, फक्त शिक्का मारायचा होता. मी म्हणालो, “बाबा, कपाटाची किल्ली नाही, उद्या या.” किल्ली माझ्याच खणात होती. मला पाचची एस.टी. पकडायची होती. बाबा “बरं साहेब” म्हणाले, भिंतीकडे पाहून हात जोडले आणि भिजत निघून गेले.

त्या रात्री नदीला पूर आला. बाबा आले ते पाचव्या दिवशी. नातीच्या वसतिगृह प्रवेशाची तारीख टळून गेली होती. तिचे एक वर्ष गेले. बाबांनी तक्रार केली नाही. केली असती तर मला बरे वाटले असते.

त्यानंतर नोकरी संपेपर्यंत कपाटाची किल्ली माझ्या टेबलावर, सर्वांना दिसेल अशी असायची. पुढच्या वर्षी त्या मुलीचा दाखला मी समोर उभे राहून करून दिला. पण गेलेले वर्ष काही मला परत देता आले नाही.

आपल्यापैकी कितीतरी जण आज शिक्षक आहेत, ग्रामसेवक आहेत, नर्स आहेत, पोलिसात आहेत, वनखात्यात आहेत. कागदावरचे सिंह आपल्या हातून उमटतात. समोरच्याला तीन सिंह दिसतात. चौथा मागच्या बाजूला असतो, आणि माझ्या मते तो आपल्याकडे, खुर्चीवर बसलेल्याकडे पाहत असतो. त्या दिवशी त्याने माझा खण पाहिला होता.

राजमुद्रेचा मान मला कमी वाटतो म्हणून मी ‘नको’ म्हणालो नाही. ती ढालीवर मिरवण्याआधी आपण तिच्याखाली कसे बसलो, हे एकमेकांना सांगावे असे वाटले.

मुखपृष्ठावर आता आपल्या मैत्रिणीने वारली पद्धतीने काढलेली शाळेची घंटा आहे. मागच्या बाकावरच्या मित्रा, तुझ्या उत्तराला गुरुजींनी तेव्हा गुण दिले नव्हते, पण तू प्रश्न वर्गात जिवंत ठेवलास. गुरुजी, उत्तर द्यायला मला फार उशीर झाला. चौथा सिंह शिकारीला गेलेला नाही. तो जागेवरच आहे.

 जय हिंद.