शर्यतीच्या बैलाची बाजू

(मंडळाच्या वर्धापनदिनी दिलेले भाषण)



बायकांच्या सभेत बैलांच्या शर्यतींचे काय काम, असे काहींना वाटेल. पण आपले ठाणे, कल्याण, डोंबिवली कितीही वाढले, तरी त्यांच्या कडेला अजून गोठे आहेत. मलंगगडाकडच्या गावांत, अंबरनाथ-बदलापुराच्या बाजूला शर्यतीची जोडी दावणीला असणे हा घराचा मान समजतात. मैदानातला दिवस पुरुषांचा असतो. उरलेल्या दिवसांची वैरण, पाणी, शेण बहुधा घरातल्या बाईकडेच असते. तेव्हा या विषयात आपल्याला बोलण्याचा हक्क आहे.

शिवाय ज्या कायद्यावरून हा वाद चालला, त्याच्या मुळाशी एक स्त्रीच आहे. नृत्यांगना रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी राज्यसभेत प्राण्यांच्या छळाविरुद्ध विधेयक आणले. त्यातूनच पुढे १९६० चा कायदा झाला, आणि प्राणिकल्याण मंडळाच्या पहिल्या अध्यक्षाही त्याच झाल्या.

वादाची हकीकत थोडक्यात सांगते. ज्या प्राण्यांचे खेळ करण्यास मनाई आहे, त्यांच्या यादीत केंद्र सरकारने २०११ साली बैल घातला. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शर्यतींना बंदी केली. महाराष्ट्राने २०१७ साली कायद्यात दुरुस्ती केली, पण शर्यतींना मोकळीक मिळाली ती १६ डिसेंबर २०२१ रोजी. १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने ती दुरुस्ती वैध ठरवली.

शर्यतवाले म्हणतात, ट्रॅक्टर आल्यावर खिलार खोंडाला गोठ्यात जागा उरली ती शर्यतीमुळेच. प्राणिमित्र म्हणतात, बैल ओझे ओढणारा प्राणी. तो जीव तोडून धावतो तो माराच्या भीतीने. दोन्ही बोलण्यांत तथ्य आहे. मला मात्र एवढेच वाटते की, छकड्यावरचा गाडीवान आपल्या मर्जीने जीव धोक्यात घालतो. बैलाला कोणी विचारलेले नसते. ज्याला विचारले नाही, त्याची काळजी दुप्पट घेतली पाहिजे.

तशी ती घेता येते. महालक्ष्मीला १८८३ पासून घोडे धावत आहेत. धावत्या घोड्याचा पाय मोडला, तर पुष्कळदा त्याला मरण देण्यावाचून इलाज राहत नाही. २०१९ साली अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या सांता अनिता मैदानावर ३० हून अधिक घोडे दगावले. लोक खवळले. मग पशुवैद्यांची तपासणी कडक झाली, दुखणे झाकणाऱ्या औषधांवर बंधने आली, आणि पुढे मृत्यू कमी झाले. नियम पाळला की जनावर वाचते, हे यावरून दिसते.

आपल्याकडेही नियम आहेत. जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी हवी, धाव १००० मीटरपेक्षा लांब नको, पशुवैद्याने बैल तपासलेला हवा. चाबूक, काठी, पराणी वापरता येत नाही. छळ करणाऱ्यास ५ लाख रुपयांपर्यंत दंड किंवा ३ वर्षांपर्यंत कैद सांगितली आहे. पण गर्दीत, धुरळ्यात पोलिसाला काय दिसणार? पाठीवरचे वळ आणि पराणीच्या टोचण्या दुसऱ्या दिवशी बैल धुताना घरच्यांनाच दिसतात.

म्हणून माझी विनंती एवढीच. घरातली जोडी मैदानावर निघाली, की आपण तीन प्रश्न विचारावेत. डॉक्टरांनी बैल तपासला का? चाबूक आणि पराणी घरी ठेवली का? आणि हा बैल हरला किंवा लंगडा झाला, तर पुढच्या पोळ्याला तो आपल्याच दावणीला असेल ना? तिसऱ्या प्रश्नाला ज्या घरात चटकन ‘हो’ येईल, त्या घराने बैलावर प्रेम आहे असे खुशाल म्हणावे. जिथे उत्तर अडखळेल, तिथे पोळ्याची पुरणपोळी बैलाला भरवताना आपला हातही अडखळला पाहिजे.