पंप हातात दिला, पण शिकवला का?
(आरोग्यसेवा रविवारच्या भक्तीनंतर केलेले भाषण)



आज एक कबुली द्यायची आहे. पाड्यावरच्या एका आजींना डॉक्टरांनी दम्यासाठी साल्ब्युटामॉलचा पंप लिहून दिला होता. आपल्या देणगीतून मी तो घेतला, त्यांच्या हातात ठेवला आणि पुढच्या घरी गेले. सहा आठवड्यांनी पाहते तर आजी दाराशी ओणव्या बसून धापा टाकत होत्या. “ताई, दिवसातून आठ-दहा वेळा मारते, तरी धाप जात नाय.”

मी पंप पाहिला. तो केव्हाच संपला होता. दाबला की नुसती हवा फुस्स होई, म्हणून त्यांना तो भरलेला वाटे. त्यांना 108 च्या गाडीने रुग्णालयात न्यावे लागले. देवाच्या कृपेने त्या वाचल्या. चूक त्यांची नव्हती. मी शिकवले नव्हते.

म्हणून आता आम्ही पंप देताना बसून शिकवतो. पंप हलवायचा, श्वास पूर्ण सोडायचा, तोंडात ओठ घट्ट मिटून धरायचा. हळू श्वास आत घेऊ लागताच एकदा दाबायचे आणि श्वास दहा आकडे मोजेपर्यंत रोखायचा. दुसरा फवारा अर्ध्या मिनिटाने. लहान मुले व म्हाताऱ्यांना स्पेसर लावून दिल्यास औषध जिभेवर न राहता छातीत उतरते.

पंपावर किती फवारे आहेत ते छापलेले असते, बहुधा 200. वापरलेल्या फवाऱ्यांच्या रेघा भिंतीवर ओढायला सांगतो. अक्षरओळख नसली तरी रेघ ओढता येते.

“पंपाची सवय लागते” ही भीती खरी नाही. पण हे औषध आवळलेल्या श्वासनलिका काही तासांपुरत्या मोकळ्या करते. आतली सूज तशीच राहते. त्यासाठी डॉक्टर रोज घ्यायचा वेगळा पंप देतात. बरे वाटले तरी तो बंद करू नये, आणि घेतल्यावर चूळ भरावी. साल्ब्युटामॉल वरचेवर लागू लागला, तर दमा आटोक्यात नाही असे समजून डॉक्टरांकडे जावे. हात थरथरणे, छातीत धडधडणे हे त्याचेच परिणाम असू शकतात. हृदयविकार असल्यास आधीच सांगावे.

बोलताना वाक्य पुरे होत नसेल, ओठ निळसर दिसत असतील किंवा पंपाने आराम पडत नसेल, तर वाट पाहू नका. रुग्णाला ताठ बसवा, 108 ला फोन करा.

आपणांस दोन विनंत्या. घरातले उरलेले पंप दानपेटीत टाकू नका. दम लागणारा प्रत्येक जण दम्याचा रुग्ण नसतो. त्याऐवजी स्पेसरसाठी मदत करा, आणि महिन्यातला एक दिवस आमच्याबरोबर पाड्यावर या. शिकवायला माणसे हवी आहेत.

त्या आजी आता शेजारणींना पंप कसा घ्यायचा ते दाखवतात. त्यांच्या भिंतीवरच्या रेघा मी प्रत्येक भेटीत मोजते.

प्रभू आपणां सर्वांना आशीर्वादित करो.