बोरा बाजारातला अर्धा तास

(वसंत व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचं शब्दांकन)

व्याख्यानमालेत ज्ञानेश्वरी असते, अर्थसंकल्प असतो. यंदा संयोजकांनी एक संध्याकाळ कॅमेऱ्याला दिली. विषय साधा आहे : कॅमेरा घेण्याआधी तो वापरून बघायचा का, आणि बघायचा तर काय बघायचं. ‘सगळं घरबसल्या कळतं की हो’ म्हणणारे इथे निम्मे तरी असतील. त्यांच्या बाजूची पहिली साक्ष मीच काढतो.

हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, म्हणजे आपले सावेदादा. ७ जुलै १८९६ रोजी मुंबईत वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंची हलती चित्रं पहिल्यांदा दाखवली गेली. त्या खेळांनी भारावलेल्या सावेदादांनी इंग्लंडहून २१ गिनींचा कॅमेरा मागवला. न बघता, न हाताळता. १८९९मध्ये त्यांनी हँगिंग गार्डनमधली कुस्ती त्यावर टिपली. आजच्या भाषेत ही ऑनलाइन खरेदीच, आणि ती फसली नाही. कारण सावेदादा धंद्याने फोटोग्राफर होते. भिंग काय करतं, उजेड किती लागतो, हे त्यांच्या हातात मुरलेलं होतं.

आता दुसरी साक्ष. दादासाहेब फाळकेही फोटोग्राफीत नवखे नव्हते. बडोद्याच्या कलाभवनात शिकलेले, गोध्र्याला स्टुडिओ थाटलेला. तरी १९१२च्या फेब्रुवारीत विमा पॉलिसी गहाण टाकून गृहस्थ थेट लंडनला गेले. तिथे ‘बायोस्कोप’ साप्ताहिकाचे संपादक केबर्न यांना गाठलं. केबर्ननी आधी, चित्रपट काढायच्या भानगडीत पडू नका, असंच सांगितलं. माणूस ऐकत नाही म्हटल्यावर त्यांना वॉल्टनला सेसिल हेपवर्थ यांच्या स्टुडिओत पाठवलं. तिथे फाळक्यांनी चित्रीकरण चालतं कसं ते डोळ्यांनी पाहिलं. विल्यमसन कॅमेरा, फिल्मला भोकं पाडायचं यंत्र, कच्ची फिल्म अशी खरेदी झाली.

पण मला त्यापुढचा भाग जास्त आवडतो. कॅमेरा दादरच्या घरी आला, जोडून झाला, आणि फाळक्यांनी कुंडीत वाटाणा पेरला. रोप उगवतंय, वाढतंय, ते थोडंथोडं टिपत मिनिटभराची फिल्म केली. यंत्र, फिल्म, धुलाई आणि स्वतःचा हात, सगळ्यांची एकदम चाचणी. हीच फिल्म दाखवून त्यांनी कर्ज मिळवलं, आणि कर्ज द्यायला पुढे आलेल्यांत फोटोग्राफीच्या सामानाचे व्यापारी नाडकर्णी होते. ज्याला मालाची पारख, त्यानेच पैसे दिले.

सावेदादांनी न बघता घेतला, फाळके सातासमुद्रापार बघायला गेले. दोघांचंही बरोबरच होतं. सावेदादांना आपलं काम ठाऊक होतं. फाळक्यांचं काम नवं होतं, ते करून बघितल्याशिवाय कळणार नव्हतं. आपण बहुतेक जण फाळक्यांच्या रांगेतले. कॅमेरा बघायला जातो तेव्हा पारख खरं तर आपल्या कामाची होत असते.

म्हणून दुकानात जाताना काम सोबत न्या. ठाणे खाडीतले रोहित पक्षी टिपायचेत? २०१५मध्ये तिथे फ्लेमिंगो अभयारण्य जाहीर झालं, २०२२मध्ये खाडी पाणथळींच्या रामसर यादीत गेली, ऐरोलीच्या सागरी जैवविविधता केंद्रातून बोटीने फेरी मारता येते. त्यासाठी लोक २००-६०० मिलिमीटरची लेन्स मनात धरून येतात. सोनीची ही लेन्स तिवईचा पाय न धरता २,११५ ग्रॅम भरते, कॅमेऱ्याचं वजन वेगळं. कागदावर हा आकडा वाचून कुणाचाही खांदा दुखत नाही. दुकानात ती उचला, कोपरं अंगाशी घ्या, आणि दुकानदाराला विचारून दारातून समोरच्या वायरीवरचा कावळा धरा. तो उडेल तेव्हा चौकटीत ठेवून बघा. पाच मिनिटांत कळतं की डुलत्या बोटीत हे आपल्याला झेपेल, की वजनाने निम्मी लेन्स घेऊन थोडं लांबूनच समाधान मानावं. दुसऱ्या टोकाला कॅननचा आर-५० आहे, बॅटरी आणि कार्डासकट ३७५ ग्रॅम. मोठ्या पंजाच्या माणसाची करंगळी त्याच्याखाली लोंबकळते. काहींना त्याचं काहीच वाटत नाही, काहींना तासाभरात मनगटात कळ येते. हे यंत्राच्या माहितीपत्रकात कुठून येणार?

चष्मा लावणाऱ्यांनी तर जाऊनच बघावं. चष्म्याची काच मध्ये आली की व्ह्यूफाइंडरचे कोपरे कापले जातात. त्याच्याशेजारी एक बारीक चाक असतं, नंबरानुसार फिरवायचं. ते न फिरवताच ‘हा कॅमेरा धूसर दाखवतो’ म्हणून उठून जाणारे पुष्कळ. आणि डाव्या डोळ्याने बघणाऱ्यांची एक खास गंमत : नाक मागच्या टचस्क्रीनला लागतं आणि फोकसचा चौकोन भलतीकडेच पळतो. सेटिंगमध्ये हे बंद करता येतं, पण आपलं नाक मध्ये येतं हे आधी कळायला तर हवं!

ज्यांना नाटकाचे फोटो काढायचेत, ठाण्याच्या गडकरी रंगायतनला म्हणा, इथल्या डोंबिवलीच्या सावित्रीबाई फुले नाट्यगृहात म्हणा, कल्याणच्या अत्रे रंगमंदिरात म्हणा, त्यांना आवाज न करणारं शटर हवं असतं. छान. ते दुकानातच लावा, वेग वाढवा आणि एलईडी दिव्याखाली सेल्समनचाच फोटो काढा. बऱ्याच कॅमेऱ्यांत चेहऱ्यावर आडवे पट्टे उमटतात. दिव्याची उघडझाप आणि सेन्सरचं ओळीओळीने वाचणं यांची ती टक्कर. रंगमंचावर एलईडी दिवे असले तर तिथेही हे होऊ शकतं. उलट ज्याला पाडव्याची स्वागतयात्रा टिपायचीय, त्याला पट्ट्यांचं सोयरसुतक नाही. त्याने कॅमेरा दुकानाबाहेर उन्हात न्यायची परवानगी मागावी, कारण मागचा पडदा उन्हात दिसतो की नाही हा त्याचा प्रश्न.

मात्र आपल्याकडे बघायला मिळणार कुठे? मॉलमधल्या शोरूममध्ये कॅमेरा तारेने बांधलेला, बॅटरी उतरलेली, आणि आपल्याला हवी ती लेन्स सोडून सोबतची साधी लेन्स लावलेली. दुकानदाराला एकट्यालाच दोष देऊ नका. २०१० साली जगभरात १२ कोटींच्या वर डिजिटल कॅमेरे दुकानांकडे रवाना झाले होते. २०२३मध्ये ८० लाखही नाहीत. बाकीचे मोबाइलने खाल्ले. नमुना म्हणून खोका फोडून ठेवणं परवडायला विक्री लागते. म्हणून जायचं सीएसएमटीला. स्टेशनातून बाहेर पडून फोर्टातल्या बोरा बाजारात, कॅमेऱ्यांच्या दुकानांच्या गल्लीत, शिरायचं. डोंबिवलीहून ऑफिसला रोज त्याच स्टेशनात उतरणारे आणि त्या गल्लीत कधीच न वळलेले किती निघतील! स्वतःचं मेमरी कार्ड न्या, काढलेले फोटो घरी मोठ्या पडद्यावर बघा. निर्णय तिथेच घ्यायचा नाही.

भाव सांगताना ‘बिलाशिवाय’ हा शब्द कानावर आला तर थांबा. डिजिटल कॅमेऱ्यावरचा जीएसटी २०१९च्या सुरुवातीला २८ टक्क्यांवरून १८वर आला. वाचलेल्या करात कंपनीची वॉरंटी गेली तर सौदा महागातच पडतो.

याहून चांगला मार्ग म्हणजे भाड्याने घेणं. शनिवार-रविवार कॅमेरा घरी आणा, येऊरच्या जंगलात न्या, डोंबिवलीत फडके रोडवर संध्याकाळच्या गर्दीत न्या. भाड्याचे पैसे वाया गेले असं वाटायचं कारण नाही, फाळक्यांनी वाटाण्यावर फिल्म खर्च केलीच होती.

आणि दुकानदाराचा अर्धा तास खाऊन पाचशे रुपयांसाठी दुसरीकडे ऑर्डर देणं मला पटत नाही. तफावत मोठी असेल तर तोंडावर सांगावं, तो काही कमी करतो का बघावं. नाहीच जमलं तर बॅग, तिवई, कार्ड तरी त्याच्याकडून घ्यावं.

जुना माल घेणाऱ्यांसाठी शेवटचं. खाडीकाठच्या आपल्या दमट हवेत लेन्सला बुरशी धरते. बघायची रीत अशी : लेन्स कॅमेऱ्यावरून काढा, शक्य असेल तर आतली पाकळ्यांची झडप पूर्ण उघडा, एका टोकाने मोबाइलचा टॉर्च तिरका मारा आणि दुसऱ्या टोकाने आत बघा. धुळीचे दोनचार कण चालतात. कडेपासून आत सरकणारे बारीक पांढरे धागे दिसले तर लेन्स परत द्या, भाव कितीही उतरवला तरी. कॅमेऱ्याचं म्हणाल तर झडप एफ-१६वर बारीक करून कोऱ्या आकाशाचा एक फोटो काढा. सेन्सरवरचे डाग त्यात काळे ठिपके होऊन दिसतात. ते साफ करता येतात, तेवढ्यावर घासाघीस करायला हरकत नाही.