भाकरीचे मोल

श्रोतेहो, गेल्या हिवाळ्यात आमच्या शाळेची सहल बीदरला गेली होती. मुलांनी किल्ला पाहिला, महमूद गवानचा मदरसा पाहिला, बिदरी भांड्यांवर चांदीची तार ठोकून बसविणारे कारागीरही पाहिले. दुपारी आम्ही एका उपाहारगृहात शिरलो आणि मी जोंधळ्याची भाकरी मागितली. मालक ओशाळून म्हणाला, "गुरुजी, भाकरी आम्ही घरी खातो. ती पाहुण्यांच्या पुढे कशी ठेवायची?" मग इडली आली, पुरी आली, नूडल्सही आल्या. मुले खूष झाली. मला मात्र ते वाक्य परतीच्या वाटेवर टोचत राहिले. ज्या भाकरीवर हा सारा मुलूख जगला, तिचीच त्याला लाज का वाटावी?

बीदर आणि कलबुर्गी हे दोन्ही जिल्हे एके काळी हैदराबाद संस्थानात होते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली. जुन्या बीदर जिल्ह्यातील उदगीर, अहमदपूर, निलंगा हे तालुके मराठी मुलखाकडे आले. भालकी, औराद, बसवकल्याण, हुमनाबाद पलीकडे राहिले. नकाशावर रेघ पडली. पण चुली पूर्वीच्याच राहिल्या. कन्नड घरातील एळ्ळ अमावास्या लातूर-धाराशिवकडे येळवस होते. दोन्हीकडे त्या दिवशी गाव ओस पडतो आणि शेत भरून जाते. कोवळ्या शेंगांच्या दाण्यांची आणि पालेभाज्यांची भज्जी, बाजरीचे उंडे, मडक्यातले आंबील. आणि वाटेने जाणाऱ्या अनोळखी माणसालाही जेवल्यावाचून सोडावयाचे नाही, असा रिवाज.

या मुलखात पाहुण्यांचीही वाण नाही. गाणगापूरला दत्तभक्त महाराष्ट्रातून सतत येतात. ख्वाजा बंदे नवाज यांच्या दर्ग्याला, शरणबसवेश्वरांच्या मंदिराला, बीदरच्या नानक झिरा गुरुद्वाराला आणि बसवकल्याणला वर्षभर माणसांची रीघ असते. दर्शन होते, पाहुणा गाडीत बसतो आणि निघून जातो. गावाच्या पदरात काय पडते? नारळ-फुले विकणाऱ्याला थोडे, खोली भाड्याने देणाऱ्याला थोडे. वाटेवरच्या खेड्यातील शेतकऱ्याला आणि त्याच्या घरधनिणीला बहुधा काहीच नाही.

कोणी म्हणेल, जेथे माधुकरी, लंगर आणि दासोह यांची थोर परंपरा आहे, तेथे अन्नाचा बाजार मांडावयाचा काय? हा आक्षेप मी हलका मानीत नाही. भुकेलेल्याला दिलेले अन्न विकत देता कामा नये, ते धर्माचेच राहावे. परंतु जो पर्यटक हौसेने येतो, खोलीचे भाडे निमूटपणे देतो, त्याने भाकरी मात्र फुकट खावी, हा कोणता न्याय? पहाटे उठून काटवटीत पीठ मळणाऱ्या, धगीपुढे बसून भाकऱ्या थापणाऱ्या बाईच्या श्रमाला आपण प्रेमाचे नाव दिले आणि मोल देण्याचे विसरून गेलो.

हे मोल मिळू शकते, याचा दाखला कलबुर्गीनेच दिला आहे. तेथील बचतगटांच्या स्त्रियांनी एकत्र येऊन जोंधळ्याची रोट्टी ‘कलबुर्गी रोट्टी’ या नावाने बाजारात आणली. जून २०२५ मध्ये पंतप्रधानांनी ‘मन की बात’ या आकाशवाणीवरील भाषणात तिचा उल्लेख केला, तेव्हा तेथे रोज ३,००० हून अधिक रोट्ट्या होत होत्या आणि बंगळूरपर्यंत जात होत्या. यामागचे कारण साधे आहे. मऊ भाकरी तव्यावरून ताटात यावी लागते. पण पातळ थापून खडखडीत वाळवलेली कडक रोट्टी पुष्कळ दिवस टिकते आणि प्रवास करू शकते. येथील तुरीच्या डाळीलाही २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे. रोट्टी आहे, डाळ आहे, अंबाडीची भाजी आहे, भरली वांगी आहेत, शेंगदाण्याची चटणी आहे, सणाला शेंगदाण्याची पोळी आहे, मुसलमान घरांतील तहारी आहे. एवढे असता पाहुण्याने नूडल्स का खाव्यात?

रोट्टी पाहुण्याकडे गेली, ही अर्धी वाट झाली. पाहुणा रोट्टीकडे येईल तेव्हा उरलेली अर्धी पुरी होईल. मग त्याच्या पैशातून दूधवाल्याला, कुंभाराला, भाजीवालीला, वाट दाखविणाऱ्या तरुणालाही काही मिळेल. आपल्याकडे हुरड्याच्या दिवसांत शहरातील माणसे पैसे मोजून शेतावर जातातच; महाराष्ट्र सरकारने २०२० मध्ये कृषिपर्यटनाचे धोरणही मान्य केले. पण एक सावधगिरी हवी. बाहेरच्या भांडवलदाराने रस्त्यालगत रंगविलेल्या चुलींचे खोटे खेडे उभारले आणि गावची बाई तेथे रोजंदारीवर बसली, तर मालकी गेली आणि भाकरीही नुसती शोभेची झाली. जेवणाचा दर बायकांच्या गटाने ठरवावा. जोंधळा आणि तूर शेजारच्या शेतातून घ्यावी. स्वच्छ पाणी, शौचकूप आणि कन्नड-मराठी पाट्या एवढी सोय ग्रामपंचायतीने करावी. सोयाबीन आणि उसापुढे मागे हटलेल्या जोंधळ्याला अशानेच शेतात पुन्हा जागा मिळेल. २०२३ हे भरडधान्यांचे आंतरराष्ट्रीय वर्ष जगाने पाळले. पण पेरणाऱ्याच्या हाती दाम पडल्यावाचून कोणतेही धान्य टिकत नाही.

सहलीहून परतल्यावर मी वर्गात विचारले, "डब्यात भाकरी कोण आणतो?" हात वर झाला नाही. मधल्या सुटीत पाहिले, तर सात-आठ मुले डब्यावर झाकण आडवे धरून भाकरीच खात होती. श्रोतेहो, पुढल्या वेळी गाणगापूरला किंवा बीदरला जाल तेव्हा जेवायला बसताना आधी भाकरी मागा, आणि तिचे पैसे मोजून द्या. आज मालक ओशाळेल. पण दहा पाहुण्यांनी मागितली, तर अकराव्यासाठी तो चूल पेटवील, आणि आमची मुलेही डब्यावरचे झाकण बाजूला ठेवतील.