जुन्या मोटारसायकलचा कार्बुरेटर : आधी सफाई, शेवटी स्क्रू

आज पीक-पाण्याऐवजी आपल्या दारातल्या जुन्या मोटारसायकलबद्दल बोलू. डेअरीवर दूध घालणे, बी-खत आणणे, रात्री-अपरात्री पंप चालू करायला मळ्यात जाणे, ही सारी कामे तिच्यावरच होतात. पुष्कळदा ही गाडी मुंबईहून आलेली असते. शीव, परळ, लालबाग भागात नोकरीला असलेला भाऊ नवी गाडी घेतो आणि जुनी गावी धाडतो. शीव म्हणजे हद्द. मुंबई बेटाची ती जुनी शीव ओलांडून, पनवेलवरून घाट चढून गाडी गावी येते आणि आठवड्यात तक्रार सुरू होते : सकाळी लवकर चालू होत नाही, मधेच बंद पडते, ॲव्हरेज देत नाही. मग कुणीतरी स्क्रू-ड्रायव्हर घेऊन कार्बुरेटरचा स्क्रू पिळतो. घोटाळा होतो तो इथेच.

कार्बुरेटर काय करतो? हवा आणि पेट्रोल ठरावीक मापात मिसळून इंजिनाला देतो. साध्या पेट्रोलच्या १ किलोला सुमारे १५ किलो हवा लागते. पेट्रोल जास्त झाले तर मिश्रण दाट, कमी झाले तर पातळ. दाट मिश्रणाने काळा धूर येतो, प्लग काजळतो, पेट्रोल वाया जाते. पातळ मिश्रणाने इंजिन जादा तापते. राजदूत, येझदीसारख्या टू-स्ट्रोक गाडीत पेट्रोलबरोबरच तेल जाते. तिथे पेट्रोल कमी पडले की वंगणही कमी पडते आणि पिस्टन जाम होऊ शकतो.

आता शीवची गाडी गावी आल्यावर काय फरक पडतो ते पाहू. शीव समुद्रसपाटीजवळ आहे. महाबळेश्वर साडेतेराशे मीटरच्या आसपास उंच आहे. तिथली हवा साधारण आठव्या हिश्श्याने विरळ, म्हणून मुंबईत लावलेली गाडी तिथे दाट चालते. पठारावरच्या गावांत हा फरक थोडा असतो. तेवढ्यासाठी जेट बदलू नका.

दुसरी गोष्ट पेट्रोलची. २०२५ साली देशाने पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्याचा टप्पा गाठला. हे इथेनॉल आपल्या उसापासून, तसेच मका आणि तांदळापासून होते. शेतकऱ्याला ते हिताचे आहे, पण जुन्या गाडीला थोडी काळजी हवी. या पेट्रोलच्या १ किलोला साडेतेरा किलोच्या आसपास हवा पुरते. म्हणजे जुन्या मापाने लावलेली गाडी त्यावर पातळ चालते. शिवाय इथेनॉल पाणी ओढते आणि जुने रबर त्याने फुगते किंवा चिरते. म्हणून पेट्रोलची नळी आणि कार्बुरेटरमधली रबरी वायसरे तपासा, खराब असतील तर बदला. पावसाळ्यात गाडी महिना-महिना उभी राहणार असेल तर फ्लोटच्या वाटीतले पेट्रोल खालच्या स्क्रूने काढून टाका. ते तिथे वाळले की चिकट राळ होऊन जेटचे बारीक भोक बुजते.

स्क्रूला हात लावण्यापूर्वी पुढची कामे करा :

१. एअर फिल्टर साफ करा. धुळीने भरलेला फिल्टर हवा अडवतो आणि दोष कार्बुरेटरवर जातो.
२. प्लग साफ करून त्याची फट पाहा. बहुतेक गाड्यांत ती ०.६ ते ०.७ मि.मी. असते, तरी आपल्या गाडीच्या पुस्तिकेतले माप पाहावे.
३. जेट काढून हवेच्या झोताने साफ करा. भोकात तार घालू नका, भोक मोठे होते.
४. ॲक्सिलरेटरची केबल थोडी सैल आहे ना, ते पाहा.

ही कामे उघड्यावर करा. जवळ विडी, चूल, कडब्याची गंजी नको. इंजिन बंद गोठ्यात चालू ठेवू नका, त्याचा धूर जिवावर बेततो.

आता स्क्रू. गाडी दहा मिनिटे चालवून गरम करा. चोक बंद हवा. मिश्रणाचा स्क्रू हलक्या हाताने पूर्ण आत घ्या, जोर लावू नका. मग दीड फेरा बाहेर सोडा. गाडी चालू करून रेसच्या स्क्रूने वेग थोडा वाढवा. मिश्रणाचा स्क्रू पाव-पाव फेरा फिरवा आणि दर वेळी थोडे थांबा. इंजिनचा आवाज जिथे सर्वांत भरदार आणि एकसारखा लागेल तिथे थांबा. मग रेसच्या स्क्रूने वेग खाली आणा.

एक खूण ध्यानात ठेवा. स्क्रू एअर फिल्टरच्या बाजूला असेल तर आत घेतल्याने मिश्रण दाट होते. इंजिनच्या बाजूला असेल तर उलट, बाहेर सोडल्याने दाट होते. १९८३ साली आलेल्या राजदूत ३५० ला दोन कार्बुरेटर आहेत. तिथे दोन्ही स्लाईड एकदम उचलतात ना, हे आधी जुळवावे लागते. ते काम जाणत्या मिस्त्रीकडूनच करून घ्या.

शेवटी परीक्षा. पाच-सात किलोमीटर नेहमीच्या वेगाने जाऊन या, इंजिन निवू द्या आणि प्लग काढा. टोक विटकरी-तपकिरी असेल तर काम बरोबर. काजळ असेल तर मिश्रण दाट. पांढरे असेल तर पातळ, तशी गाडी चालवू नका. हा स्क्रू फक्त रेस कमी असतानाचे मिश्रण लावतो. रस्त्यावर पातळ चालत असेल तर जेटमधली सुई किंवा मोठा जेट मिस्त्रीला दाखवावा लागतो.

ॲव्हरेज वाढवायचे म्हणून स्क्रू फिरवून मिश्रण पातळ करू नका. बैलाची वैरण तोडून नांगरट होत नाही. महिन्याला लिटर-दोन लिटर पेट्रोल वाचेल, पण पिस्टन-सिलिंडरचा खर्च त्याच्या कितीतरी पट बसेल, आणि ऐन पेरणीत गाडी गॅरेजमध्ये पडेल ती वेगळीच. ॲव्हरेज पाहायचे तर टाकी काठोकाठ भरा, शंभर किलोमीटर चाला, पुन्हा तितकीच भरा आणि हिशेब वहीत लिहा. दर महिन्याचा आकडा समोर राहिला की गाडी कधी बिघडू लागली ते तुम्हाला मिस्त्रीच्या आधी कळेल.